थाप पडली की सोडायचं

पिंपळसोंड नावाच्या गावात एक भोळा पैलवान होता. म्हणजे आधी तो नुसता भोळाच होता. पैलवान त्याला पुढे केला.

त्याचं नाव हैबती. अंगानं औताच्या बैलासारखा, आणि स्वभावानं बैलाहून गरीब. बैल निदान कधीतरी शेपटी मारतो. हैबतीला काही सांगितलं की तो "जी" म्हणायचा आणि सांगितलं असेल ते करायचा. गावातली बाकीची माणसंही "जी" म्हणायची, पण लगेच विसरायची, त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं. हैबतीचं "जी" खरं असायचं. अडचण एवढीच होती.

त्याच्या आईला, धुरपाबाईला, तो एकुलता एक. तिला रात्रंदिवस एकच घोर, की आपल्यामागं याला सांगणारं कोण. म्हणून एके दिवशी ती त्याला घेऊन केरबा वस्तादांच्या तालमीच्या दाराशी गेली. बायका तालमीत जात नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, याला काहीतरी शिकवा. याला एकदा सांगितलेलं हा कधी विसरत नाही.

वस्तादांना वाटलं, हा गुण आहे.

वस्तादांना तेव्हा पैलवानाची फार गरज होती. गावदेवाच्या जत्रेत दरवर्षी शेवटची कुस्ती पिंपळसोंड आणि शेजारच्या खडकोळीत व्हायची. जिंकणाऱ्या गावाला चांदीचा मुलामा दिलेली गदा मिळायची, आणि ती वर्षभर त्या गावच्या तालमीत खुंटीला टांगलेली असायची. गेली एकोणीस वर्षं ती खडकोळीत होती. पिंपळसोंडच्या तालमीत नुसती खुंटी होती. त्या खुंटीला वस्ताद कुणाला सदरासुद्धा अडकवू देत नसत. शिवाय तालमीची खोली पंचायतीची, आणि पंचायतीला नळाचे पाइप ठेवायला जागा हवी होती.

वस्तादांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही पैलवानाची पाठ थोपटली नव्हती. ते म्हणायचे, "पाठ थोपटली की पैलवान फुगतो. आणि फुगलेला पैलवान पडतो." हे वाक्य ध्यानात ठेवा. हैबतीनं ठेवलं नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी वस्तादांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, "एकदा धरलं की सोडायचं न्हाई. समोरच्याची पाठ टेकेपर्यंत सोडायचं न्हाई. कळलं?"

हैबती म्हणाला, "जी."

दुसऱ्या दिवशी त्याचा मामा गावी परत निघाला. धुरपाबाईनं हैबतीला सांगितलं, मामाची पिशवी धर आणि त्यांना एसटीत बसवून ये. हैबतीनं पिशवी धरली. मामा एसटीत चढले, खिडकीशी बसले, आणि त्यांनी खिडकीतून पिशवीचा दुसरा बंद धरला. एसटी सुटली. हैबतीनं पिशवी सोडली नाही. तो एसटीबरोबर पळायला लागला.

मामा आतून म्हणत होते, आरं सोड. हैबती बाहेरून म्हणत होता, पाठ टेकल्याशिवाय न्हाई. ओढा गेला, वीटभट्टी गेली, खडकोळीचा फाटा आला. पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू एकेक करून रस्त्यावर पडत होते. शेवटी मागच्या बाकावरच्या एका म्हातारीला गोष्ट कळली. तिनं मामांना सांगितलं, भाऊ, तुम्ही मागं टेकून बसा बघू. मामा टेकून बसले. पाठ टेकली. हैबतीनं पिशवी सोडली, खिडकीला नमस्कार केला आणि चालत घरी आला.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आरं, दिसंल त्याला धरत्यात व्हय? कुस्तीला रीत असती. आधी सलामी द्यायची. मग माती लावायची, त्याच्या अंगाला, मानंला. मग धरायचं. सलामी आन माती झाल्याबगर कुणाला हात लावायचा न्हाई."

हैबती म्हणाला, "जी."

हे खरंच आहे, की आखाड्यात दोन पैलवान भिडण्याआधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात. घामानं हात निसटू नये म्हणून, आणि मानपान म्हणूनही. तालमीतली माती साधी नसते. तिच्यात तेल, हळद आणि ताक घालून ती मुरवलेली असते. अंगाला चांगली असते. कपड्यांना नसते.

त्याच आठवड्यात तालुक्याचे साहेब तालमीची खोली बघायला आले. पाइपांसाठी पुरेल का, ते बघायचं होतं. बरोबर सरपंच होते. साहेबांच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता, नवा, कडक इस्त्रीचा. वस्तादांनी ठरवलं होतं, साहेबांशी गोड बोलायचं, ताक पाजायचं आणि खोली वाचवायची. त्यांनी हैबतीला सांगितलं, साहेबांना हाताला धरून आत आण.

आता हात लावायचा, तर आधी सलामी. हैबतीनं साहेबांना वाकून सलामी दिली. साहेब खूश झाले. मग हैबतीनं दोन्ही ओंजळी भरून माती घेतली आणि साहेबांच्या दोन्ही खांद्यांना, छातीला आणि मानेला लावली. सावकाश, आदरानं लावली. कॉलरच्या आतूनही लावली, कारण मान तिथंच होती. मग हाताला धरून आत आणलं.

साहेब ताक न पिता गेले. जाताना दारात उभं राहून म्हणाले, या जत्रेत गदा आली तर तालीम राहील. नाही आली, तर तिसऱ्या दिवशी मला या खोलीची चावी पाहिजे.

सगळे गेल्यावर वस्तादांनी रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग त्यांनी हैबतीला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, माती पैलवानालाच लावायची असते. हैबतीनं विचारलं, पैलवान कसा ओळखायचा. प्रश्न रास्त होता. वस्ताद म्हणाले, "कान बघायचा. घासून घासून ज्याचा कान मोडलाय, तो पैलवान. कान धड असंल त्याला आखाड्यात घ्यायचंच न्हाई."

हैबती म्हणाला, "जी."

इथं माझी मुलगी हमखास विचारते, मग तो कान बघूनच माणसं ओळखायचा का? मी हो म्हणते. तेव्हापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याचे कान बघते. गोष्टी सांगताना जपून सांगायला हव्यात हे मला पटतं, पण तोवर सांगून झालेलं असतं.

तर हैबती कान बघत गावात हिंडला. शाळेच्या गुरुजींचे कान धड होते. सरपंचांचे फार मोठे होते, पण धड होते. पिठाच्या गिरणीत मात्र त्याला एक मोडका कान सापडला. तो गिरणीवाल्या जोतीबाचा. जोतीबा लहानपणी बैलगाडीतून पडला होता, तेव्हा कान चेंगरला होता. कुस्ती त्यानं जन्मात केली नव्हती. त्याला शिंक आली तरी तो भिंत धरायचा.

हैबतीनं सलामी दिली. जोतीबाला वाटलं, दळण घेऊन आलाय. हैबतीनं इकडंतिकडं माती शोधली, मिळाली नाही, म्हणून पीठ लावलं. आणि मग मानेखालून हात घालून त्याला असं आवळलं, की जोतीबाचा आवाजच बंद झाला.

जोतीबानं काय करावं? त्यानं हैबतीच्या दंडावर थापा मारायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. दळणाला आलेल्या बायका ओरडायला लागल्या. वस्ताद धावत आले, तेव्हा जोतीबा पिठासारखा पांढरा झाला होता, आणि त्यातलं पीठ किती आणि जोतीबा किती हे कळत नव्हतं.

त्याला पाणी पाजून झाल्यावर वस्तादांनी हैबतीला गिरणीच्या पायरीवर बसवलं.

"तो थापा मारत हुता, कळलं न्हाई तुला?"

"कळलं की."

"मग?"

"त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगितलं न्हवतं."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आता सांगतो. गळा आवळला की माणसाला बोलता येत न्हाई. मग तो थाप मारतो. थाप पडली की सोडायचं. तिथल्या तिथं सोडायचं. कुणी मारली, का मारली, काही इचारत बसायचं न्हाई. उशीर झाला तर माणूस मरंल."

हैबती म्हणाला, "जी." मरण्याचं नाव निघाल्यामुळे हा धडा त्यानं सगळ्यात घट्ट धरला.

जत्रेला चार दिवस उरले. पारावरच्या लिंबाला लाउडस्पीकरचा कर्णा बांधायचा होता. कर्णा जड, म्हणून दोर फांदीवरून टाकला आणि खालचं टोक हैबतीच्या हातात दिलं. हैबतीनं एकट्यानं कर्णा वर नेला. शेंड्यापर्यंत गेल्यावर सरपंचांना फार कौतुक वाटलं. ते मागून आले आणि "वा रे गड्या" म्हणून त्यांनी हैबतीच्या पाठीवर थाप मारली.

हैबतीनं तिथल्या तिथं सोडलं.

खाली जिलब्यांचं दुकान लागत होतं. कर्णा पाकाच्या पातेल्यात पडला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. कर्णा धुतला, पुसला, वर बांधला. वाजायचा नीट, पण पुढं जत्राभर त्याला मुंग्या लागल्या होत्या.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. आता त्यांना वाटलं, या वेळी कुठंही फट राहू द्यायची नाही. एकेक शब्द मोजून ते म्हणाले, "नीट ऐक. थाप फक्त आखाड्यात मोजायची. आखाड्यात थाप पडली की सोडायचं, तिथल्या तिथं. आखाड्याच्या भाईर कुणी कितीबी थापा मारल्या तरी धरलेलं सोडायचं न्हाई. आत सोडायचं. भाईर सोडायचं न्हाई. म्हण."

"आत सोडायचं. भाईर सोडायचं न्हाई."

"पुन्हा म्हण."

हैबतीनं पुन्हा म्हटलं. वस्तादांना त्या दिवशी फार दिवसांनी झोप लागली. मलाही वाटतं, यात चूक काही नव्हती. मी असते तर हेच सांगितलं असतं, आणि दोनदा म्हणवूनही घेतलं असतं.

जत्रेचा दिवस उजाडला. ओढ्याकाठच्या पडीक रानात आखाडा केला होता. नांगरून, चाळून, पाणी मारून माती लोण्यासारखी केली होती. पाच गावची माणसं चहूबाजूंनी बसली होती. साहेब मंडपात होते, आखाड्यापासून बरेच लांब. त्यांचा शर्ट पुन्हा पांढरा होता. खडकोळीचा मल्लू एका कडेला शड्डू ठोकत होता. मांडीवर पडणारा त्याचा एकेक हात ओढ्यापलीकडं ऐकू जात होता.

धुरपाबाई बायकांच्या घोळक्यात होती. हैबती तिच्या पाया पडला. तिला भरून आलं. त्यानंही तिला मिठी मारली. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, मग एक थाप मारली, की जा आता बाळा.

हैबतीनं सोडलं नाही.

तिनं दुसरी थाप मारली. तिसरी मारली. हलगी वाजायला लागली होती, पंच नाव पुकारत होते, आणि हैबती आईला मिठी मारून उभा होता. धुरपाबाईला काय झालं असेल ते कळायला वेळ लागला नाही. आईच ती. पोराच्या डोक्यात काय आहे हे तिला कळायचं, फक्त ते बाहेर कसं काढायचं हे कळायचं नाही. ती तशीच, मिठीत, बाजूबाजूनं चालत त्याला आखाड्याच्या कडेपर्यंत घेऊन गेली. बाईनं आखाड्यात जायचं नसतं. म्हणून तिनं दोघांचंही एकेकच पाऊल आतल्या मातीत ठेवलं आणि थाप मारली. हैबतीनं सोडलं. ती पटकन मागे झाली. लोकांत थोडी कुजबुज झाली, पण तेवढ्यात सलामी सुरू झाली.

या वेळी सगळं रीतीनं झालं. हैबतीनं मल्लूचे कान बघितले. दोन्ही मोडलेले होते. सलामी दिली. माती लावली. मग धरलं.

आणि कुस्ती काय झाली म्हणता! मल्लूनं ढाकेचा डाव मारायचा प्रयत्न केला. हैबती हलला नाही, कारण हल म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मल्लूनं पायात पाय घातला, मानेवर रेटा दिला, एकदा कान पिरगाळला, ते पंचांनी बघितलं नाही. हैबतीनं कमरेची पकड सोडली नाही. एकदा धरलं की सोडायचं नाही. अर्ध्या तासानं मल्लूच दमला. त्याचा गुडघा टेकला, मग हात टेकला. हैबती त्याच्यावर आला. त्यानं मल्लूला हळूहळू उलटं केलं, पालथी घागर उताणी करावी तसं. उजवा खांदा मातीला लागला. डावा चार बोटं वर राहिला.

पंच पोटावर पालथे पडून डाव्या खांद्याखालचा उजेड बघायला लागले.

चार बोटांची तीन झाली. तिनाची दोन झाली. पाच गावं उभी राहिली. हलगीवाला नुसता बेभान झाला होता.

आखाड्याच्या कडेला केरबा वस्ताद उभे होते. एकोणीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती रिकामी खुंटी. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांना भान राहिलं नाही. ते आखाड्यात धावले, हात वर करून.

तो वर झालेला हात धुरपाबाईनं बघितला. साऱ्या जत्रेत तिला एकटीलाच कळलं. "वस्ताद, हात आवरा," ती ओरडली. "नगा मारू!" पण हलगीपुढं तिचा आवाज कुठला पोचणार.

एक बोट राहिलं होतं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा केरबा वस्तादांनी पैलवानाची पाठ थोपटली. चांगली दणकून थोपटली. म्हणाले, "शाब्बास माझ्या वाघा."

हैबतीनं सोडलं. तिथल्या तिथं सोडलं. काही विचारलं नाही. उठून, हात जोडून, अदबीनं बाजूला उभा राहिला.

मल्लूला दोन श्वास लागले. तिसऱ्या श्वासाला त्यानं हैबतीचे दोन्ही पाय काढले. हैबतीची पाठ टेकली, दोन्ही खांदे टेकले. ते बघायला पंचांना पालथंसुद्धा व्हावं लागलं नाही.

खडकोळीच्या लोकांनी मल्लूला खांद्यावर घेतलं. गदा विसाव्या वर्षी पुन्हा खडकोळीला गेली. आखाडा रिकामा झाला. मधोमध वस्ताद मातीत बसले होते, आणि हैबती त्यांच्यासमोर उभा होता.

वस्ताद म्हणाले, "सोडलंस का रं?"

"थाप पडली."

"आरं, ती शाबासकी हुती."

हैबती म्हणाला, "तुम्ही कधी दिली न्हवती. मला कशी ओळखू यावी?"

वस्ताद उठले आणि घरी गेले. वाटेत त्यांनी मारुतीच्या देवळात कापूर लावून शपथ घेतली, की यापुढे हैबतीला जन्मात काही शिकवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी चावी मागितली होती. वस्तादांनी सकाळी तालीम झाडली, मातीवर पाणी शिंपडलं, खुंटी पुसली. दाराला कुलूप लावलं. साहेबांच्या हातात स्वतःच्या हातानं चावी द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. हैबती बाहेर पायरीवर बसला होता. वस्ताद त्याला म्हणाले, "ही चावी धर." ती साहेबांना दे, एवढं म्हणायचं बाकी होतं. ते न म्हणताच वस्ताद पाठ फिरवून निघून गेले.

हैबती म्हणाला, "जी." त्यानं चावी धरली.

साहेब आले, सरपंच आले. मागून ट्रॅक्टरवर पाइप आले. साहेब म्हणाले, चावी द्या. हैबती म्हणाला, "धर म्हणून सांगितलंय. द्या म्हणून न्हाई."

सरपंचांनी त्याची समजूत घातली. मग पाठीवर थाप मारली. मग साहेबांनी मारली. मग ट्रॅक्टरवाल्यानं दोन मारल्या. हैबतीची मूठ मिटलेली ती मिटलेलीच. आखाड्याबाहेर कुणी कितीही थापा मारल्या तरी धरलेलं सोडायचं नव्हतं. तिघांनी मिळून बोटं उलगडायचं बघितलं. त्या मुठीत मल्लू अर्धा तास होता, हे त्यांनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

सरपंच वस्तादांच्या घरी गेले. वस्ताद ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. ते म्हणाले, "मी त्याला आता काही शिकवायचं न्हाई, अशी शपथ घेतलीया. देवापुढं घेतलीया." सरपंच धुरपाबाईकडं गेले. धुरपाबाई म्हणाली, "मला बाईमाणसाला कुस्तीतलं काय कळतंय."

शेवटी साहेबांनी हैबतीलाच विचारलं, तू ही चावी सोडणार तरी कधी?

हैबतीनं खरं ते सांगितलं. आत आखाड्यात येऊन थाप मारली की सोडतो, तिथल्या तिथं. साहेबांनी स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. पण चावी तर हवी होती. ते म्हणाले, ठीक आहे, उघड दार.

हैबतीनं मुठीतल्या चावीनं कुलूप उघडलं. मग दारात आडवा उभा राहून त्यानं साहेबांचे कान नीट बघितले. आधी उजवा, मग डावा. दोन्ही धड होते.

"न्हाई जमायचं साहेब," तो म्हणाला. "कान मोडून या."

साहेबांनी दोन्ही कानांना हात लावले आणि जीपमध्ये बसले.

पाइप अजून सरपंचांच्या परड्यात आहेत. तालमीत पहाटे मोडक्या कानांची पोरं येतात. कुलूप हैबती उघडतो, संध्याकाळी तोच लावतो. आखाड्यात त्याची पाठ कुणी चुकूनही थोपटत नाही. चावी उजव्या मुठीत आहे, म्हणून तो डाव्या हातानं जेवतो.